नागपूरची फाइल आणि परदेशातला रक्तदाब

या अंकासाठी निवडलेली तीनही पत्रे एकाच विषयावरची आहेत. घर नागपुरात, मुक्काम परदेशात आणि रक्तदाबाची गोळी रोजची, अशी स्थिती आता विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांची झाली आहे. म्हणून उत्तरे नेहमीपेक्षा थोडी विस्ताराने दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत; कोणतेही औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावे.

प्रश्न : माझा मुलगा ३८ वर्षांचा असून गेली तीन वर्षे जर्मनीत स्टुटगार्ट येथे नोकरीला आहे. जाण्यापूर्वीच त्याला उच्च रक्तदाब असल्याचे आढळले होते आणि धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० व सिल्निडिपिन १० अशी एकत्र गोळी सुरू केली होती. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या कोणाच्याही हाती आम्ही सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या पाठवतो. तिथल्या डॉक्टरकडे तो एकदाही गेलेला नाही. भाषेची अडचण आहे आणि नवीन रुग्ण घेत नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. मनगटावर बांधायच्या यंत्रावर त्याचा दाब कधी १२८, कधी १६० येतो. मे महिन्यात तो रजेवर घरी आला की त्याला उठल्याबरोबर चक्कर येते, म्हणून इथे असेपर्यंत तो गोळी बंद ठेवतो. हे असेच चालू ठेवावे का? (एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : असेच चालू ठेवू नये. आपली तळमळ समजते आणि गोळ्या वेळेवर पोहोचाव्यात म्हणून आपण करत असलेली धडपडही दिसते; पण गोळ्यांचा पुरवठा सुरू असणे आणि उपचार सुरू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलाला तीन वर्षांत कोणी तपासलेले नाही. टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम अधूनमधून पाहावे लागते, लघवीतून प्रथिन जाते का हे पाहावे लागते, आणि दाब आटोक्यात नसेल तर मात्रा बदलावी लागते. यातले काहीही पाहुण्यांच्या बॅगेतून पाठवता येत नाही. शिवाय चाळिशीच्या आत दाब वाढलेला असेल, तर मूत्रपिंड, त्यावरची अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी, थायरॉइड किंवा झोपेत श्वास अडखळणे यांपैकी काही कारण त्यामागे आहे का, हे एकदा तरी तपासून घ्यायला हवे. ते नागपुरात झाले होते का, हे आपण लिहिलेले नाही. झाले नसेल तर मुलाने तिथल्या डॉक्टरांना आपणहून विचारावे.

गोळ्या पाठवण्याच्या पद्धतीत कायद्याचीही अडचण आहे. प्रवाशाने स्वतःच्या गरजेपुरती औषधे सोबत नेण्यास जर्मनीत हरकत नसते आणि साधारण तीन महिन्यांचा साठा त्यासाठी योग्य मानला जातो. मात्र ही मुभा ज्याची औषधे आहेत त्याच्यासाठीच असते. युरोपीय संघाबाहेरच्या देशातून टपालाने किंवा कुरिअरने खासगी व्यक्तीला औषधे मागवता येत नाहीत. म्हणजे शेजारच्या काकूंनी आपल्या मुलाच्या गोळ्या नेल्या आणि कस्टमने विचारले, तर उत्तर त्यांना द्यावे लागते. त्यातही आपल्याकडे दुकानदार पट्टी कात्रीने कापून देतात आणि उरलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव नसते, मुदतीची तारीख नसते. अशा सहा तुकड्यांचा रबर लावलेला गठ्ठा पाहून परक्या देशातला अधिकारी काय समजणार?

आता डॉक्टर कसा शोधावा याविषयी. जर्मनीत सगळी सुरुवात हाउसआर्त्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टरपासून होते. रक्तदाबासाठी थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जाण्याची गरज नसते. आपला मुलगा नोकरीला आहे म्हणजे त्याचा आरोग्यविमा आहेच, कारण तिथे तो सक्तीचा आहे. तो सार्वजनिक विमा असेल, तर डॉक्टरांच्या भेटीला वेगळे पैसे पडत नाहीत आणि लिहून दिलेल्या औषधाच्या प्रत्येक पाकिटामागे साधारणपणे ५ ते १० युरो एवढाच भार रुग्णावर येतो. त्या खर्चात तो जवळजवळ तीन महिन्यांची गोळी घेऊ शकेल. दरमहा पगारातून विम्याचा हप्ता कापला जात असताना नागपूरहून गोळ्या मागवण्यात त्याची काहीच बचत होत नाही.

काही दवाखाने नवीन रुग्ण घेत नाहीत, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण एक-दोन ठिकाणी नकार मिळाला म्हणून शोध थांबवू नये. घराजवळच्या दहा-बारा दवाखान्यांना सकाळी दवाखाना उघडतानाच फोन करावा. भेटीच्या वेळा देणाऱ्या संकेतस्थळांवर डॉक्टरांना येणाऱ्या भाषा दिलेल्या असतात, तिथे इंग्रजी निवडून पाहावे. ११६११७ या क्रमांकाची सार्वजनिक सेवा डॉक्टरांची वेळ मिळवून देण्यास मदत करते. आपल्या विमा कंपनीलाही पत्ते विचारता येतात. आणखी एक सोपा मार्ग आहे, जो आपल्या लोकांना बहुधा ठाऊक नसतो. सार्वजनिक विमा असलेल्या ३५ वर्षांवरील व्यक्तीला दर तीन वर्षांनी एक मोफत आरोग्य तपासणी मिळते आणि तीत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व लघवी पाहिली जाते. फोनवर याच तपासणीसाठी वेळ मागावी. एकदा रुग्ण म्हणून नोंद झाली की पुढची वाट मोकळी होते. त्यानंतर दर तिमाहीच्या पहिल्या भेटीला विम्याचे कार्ड सोबत न्यावे.

डॉक्टर भारतीय असावा असा आग्रह मात्र धरू नये. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलण्याचे सुख मोठे आहे, हे मी मान्य करतो. पण रक्तदाबाच्या बाबतीत घराजवळचा, वेळ देणारा आणि दरवेळी तोच भेटणारा डॉक्टर अधिक उपयोगाचा ठरतो.

पहिल्या भेटीला काय न्यावे, याला माझ्या मते सर्वांत जास्त महत्त्व आहे. नागपूरची जाड फाइल उघडण्याएवढा वेळ तिथल्या डॉक्टरांना नसतो. आपल्या धंतोलीच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेले एका पानाचे पत्र घ्यावे. त्यात दाब कोणत्या वर्षी आढळला, तेव्हा किती होता, आधी कोणती औषधे दिली आणि ती का बदलली, घरात कोणाला हा विकार किंवा पक्षाघात आहे का, ॲलर्जी आहे का, एवढे असावे. औषधांची मूळ नावे आणि मिलिग्रॅम लिहिलेले असावेत. ब्रँडची नावे लिहून काही साधत नाही, कारण इथला ब्रँड तिथे बहुधा नसतो, आणि क्वचित त्याच नावाने तिथे दुसरेच औषध विकले जाते. सोबत शेवटचा ईसीजी आणि रक्ताचे अहवाल जोडावेत.

मूळ नावे लिहिली की आणखी एक अडचण समोर येईल. सिल्निडिपिन आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, पण जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिका इथे ते रोजच्या वापरात नाही. तिथले डॉक्टर त्याऐवजी त्याच गटातले ॲम्लोडिपिन किंवा लर्कॅनिडिपिन देतील आणि टेल्मिसार्टन बहुधा तेच राहील. या बदलाला घाबरण्याचे कारण नाही. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. तसे झाले तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर उपाय आहेत.

मनगटावरचे यंत्र बाजूला ठेवावे. हात हृदयाच्या पातळीपासून थोडा वर-खाली झाला तरी त्याचा आकडा बदलतो, आणि १२८ व १६० यांतला काही फरक त्यामुळेही असू शकेल. दंडाला पट्टा बांधायचे प्रमाणित यंत्र घ्यावे आणि पट्टा दंडाच्या घेराला बसणारा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सात दिवस सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी करावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी मोजताना ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दाब वाढलेला आहे असे धरतात. वहीचे हे एक पान डॉक्टरांसमोर ठेवले तर अर्धे बोलणे आपोआप होते, आणि तिथे भाषेचीही अडचण येत नाही.

राहिला मे महिन्यातल्या चक्करेचा प्रश्न. स्टुटगार्टच्या गारव्यातून ४५ अंशांच्या नागपुरात आलेल्या शरीरातल्या रक्तवाहिन्या उष्णतेने रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते आणि दाब उतरतो. त्याच गोळीचा परिणाम मग जास्त जाणवतो. हिवाळ्यात याच्या उलट होते. म्हणून उन्हाळ्यात मात्रा कमी करावी लागणे शक्य आहे, पण ते चक्कर आली म्हणून ठरवू नये. बसून आणि मग उभे राहून मोजलेला दाब पाहून डॉक्टरांनी ठरवावे. पूर्ण महिना गोळी बंद ठेवून परत गेल्यावर पुन्हा सुरू करणे हा यावरचा मार्ग नव्हे. नागपुरात उतरल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याला आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जावे, भरपूर पाणी द्यावे आणि दुपारी बाहेर पाठवू नये.

एक विनंती आपल्यालाही आहे. गोळ्यांबरोबर पापड, लोणचे, सांडगे, फरसाण आणि मसाल्यांचे डबेही जात असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. तिथला पाव, चीज आणि तयार सूप यांतून त्यातले बरेचसे आधीच पोटात गेलेले असते. पुडाची वडी जरूर पाठवा, पापड-लोणच्याला मात्र हात आखडता घ्या. युरोपात पाकिटावर मीठ ग्रॅममध्ये छापलेले असते, तो आकडा वाचण्याची सवय मुलाला लागली तर उत्तम.

प्रश्न : माझे यजमान ६७ वर्षांचे आहेत. टेल्मिसार्टन ४०, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ आणि मेटोप्रोलॉल २५ या गोळ्यांवर त्यांचा दाब १३४/८२ च्या आसपास असतो आणि आमचे डॉक्टर समाधानी आहेत. आम्ही एप्रिलपासून सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. अमेरिकेत एवढ्या दाबालाही ‘वाढलेला’ म्हणतात असे मुलगी सांगते. ते खरे आहे का? तिथे डॉक्टर, विमा आणि गोळ्यांच्या वेळा यांचे कसे करावे? (एक वाचक भगिनी, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : मुलगी सांगते ते खरे आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची रेषा १३०/८० वर आणली. ब्रिटनमध्ये, युरोपात आणि आपल्याकडे निदानासाठी दवाखान्यातला १४०/९० हाच आकडा सामान्यतः वापरतात. पण ज्यांचे उपचार सुरूच आहेत त्यांच्या बाबतीत मतभेद फार नाहीत. सोसत असेल तर दाब १३०/८० च्या खाली असावा, असेच आता बऱ्याच ठिकाणी मानतात. तेव्हा जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारा. यजमानांना उठताना तोल जाण्याचा त्रास असेल, तर सध्याचा आकडाच त्यांना योग्य, असेही ते सांगू शकतील.

विम्याबाबत फार सावध राहावे. परदेशी पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासून असलेल्या आजाराचा नेहमीचा खर्च, म्हणजे नियमित तपासणी आणि रोजची औषधे, येत नाही. काही पॉलिसी त्या आजाराचा अचानक उद्भवलेला तीव्र त्रास ठरावीक मर्यादेपर्यंत भरून देतात. ती मर्यादा किती आणि वयाची अट कोणती, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचावे. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नये आणि रक्तदाब असल्याचे लपवू तर मुळीच नये.

अमेरिकेत स्वतःसाठी न्यायच्या औषधांचा साठा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंतचा असावा अशी तिथली सूचना आहे. आपला मुक्काम त्याच्या दुप्पट आहे आणि आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला दुकानदार औषध देणार नाही. म्हणून एक भेट तिथल्या डॉक्टरांशी होणारच, ती आधीच ठरवून टाकावी. नवीन रुग्णाला वेळ मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात, तेव्हा मुलीने मार्चमध्येच फॅमिली मेडिसिन किंवा इंटरनल मेडिसिनच्या दवाखान्यांना फोन करून जूनमधली वेळ घ्यावी. विम्याशिवाय रोख भरल्यास भेटीचे आणि रक्ततपासणीचे किती पडतील, हे फोनवरच विचारावे. तिथे असे विचारण्यात कोणाला गैर वाटत नाही. तिथल्या केंद्र सरकारच्या मदतीने चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रेही आहेत आणि ती उत्पन्न पाहून फी ठरवतात. यजमानांच्या तीनही गोळ्या जुन्या आहेत, तिथे जेनेरिक स्वरूपात मिळतात आणि त्यांची किंमत सहसा भारी नसते. दोन-तीन दुकानांत भाव विचारला तर मोठा फरक दिसेल.

गोळ्या हाताशी राहणाऱ्या बॅगेत ठेवाव्यात, अखंड पट्ट्यांमध्ये, डॉक्टरांच्या पत्रासह. वेळेचे गणित सोपे आहे. आपली सकाळी सातची वेळ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीची आदल्या रात्रीची साडेनऊ. पोहोचल्यावर तिथल्या दुसऱ्या सकाळपासून गोळी घेतली तर मधले अंतर नऊ-दहा तासांनी वाढते. टेल्मिसार्टनचा परिणाम चोवीस तासांहून अधिक रेंगाळतो, त्यामुळे एवढ्याने काही बिघडत नाही. मेटोप्रोलॉलचे मात्र तसे नाही. त्याच्या दोन डोसांत मोठी खिंड पडू देऊ नये आणि ते अचानक बंद तर कधीच करू नये, कारण नाडी आणि दाब दोन्ही उसळतात. प्रवासाच्या दिवशीच्या त्याच्या वेळा आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दोन एकदम घेऊ नयेत.

सर्दी किंवा गुडघेदुखीसाठी तिथल्या दुकानातून आपल्या मनाने औषध उचलू नये, हे यजमानांना आवर्जून सांगा. नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन दाब वाढवते. आयब्युप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची औषधे दाब वाढवतातच, शिवाय टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी (हायड्रोक्लोरोथायझाइड) सुरू असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात. अमेरिकेत पाकिटावर मिठाऐवजी सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. आणि ‘लो सोडियम’ मीठ मुलीने कौतुकाने आणले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात ते वाढून बसू शकते.

दाब १८०/१२० च्या वर दिसला तर आधी शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. तरीही तेवढाच असेल आणि छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, दिसेनासे होणे यांपैकी काहीही असेल, तर विम्याचा विचार न करता ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. त्रास काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. मुलगी घरी नसली आणि इंग्रजीत सांगणे जड गेले, तरी अडून राहू नये. फोनवर फक्त ‘हिंदी’ म्हटले तरी दुभाषा जोडून देण्याची सोय असते.

प्रश्न : माझे वय ३२ आहे. मूळची नागपूरची असून वर्षभरापासून इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते. टेल्मिसार्टन ४० घेते. आम्ही आता बाळाचा विचार करत आहोत. पुढच्या सुटीत नागपूरला आल्यावर डॉक्टरांना विचारले तर चालेल का? (एक वाचक)

उत्तर : सुटीपर्यंत थांबू नका. टेल्मिसार्टन आणि त्याच्या गटातली औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना आणि वाढीला धोका करू शकतात, म्हणून ती दिवस राहण्याआधीच बदलतात. गोळी स्वतःहून सोडूनही देऊ नका, कारण अनियंत्रित दाबाचाही बाळाला आणि आईला धोका असतो. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात वापरली जाणारी औषधे आहेत आणि त्यांतले कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. बदल होऊन दाब स्थिर होईपर्यंत दिवस राहू न देणे बरे.

आपण तिथे राहता, म्हणजे व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. जीपीकडे म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला मात्र तीही अट नाही. भेटही मोफत असते. अजून नाव घातले नसेल तर आजच घाला. वेळ मागताना नुसते ‘रक्तदाबासाठी’ असे लिहिले तर ती पुढे ढकलली जाऊ शकते. ‘मी टेल्मिसार्टनवर आहे आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणार आहे’, असे स्पष्ट लिहा. दिवस आधीच राहिले असतील तर त्याच दिवशी जीपीला फोन करा, आणि तिथे कोणी भेटले नाही तर १११ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला. कोपऱ्यावरच्या फार्मसीतल्या औषधतज्ज्ञांचा सल्लाही वेळ न घेता मिळतो.

नागपूरचे अहवाल नेताना एक ध्यानात ठेवा. दाबाचे एकक दोन्हीकडे एकच आहे, पण क्रिएटिनिन तिथे मायक्रोमोलमध्ये मोजतात, आपल्याकडचे ०.८ तिथे साधारण ७१ दिसेल, ते पाहून धसका घेऊ नका. आणि गर्भ राहिल्यावर पहिल्याच भेटीत, आधीपासून दाब आहे हे सांगून, बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचे ॲस्पिरिन घ्यायचे का, हे सुईणीला किंवा डॉक्टरांना विचारा. आपल्यासारख्या रुग्णांना ते तिथे सहसा देतात, आणि गरोदरपणाचे सूट-प्रमाणपत्र घेतले की त्या काळातली औषधेही मोफत मिळतात.